बाटली परत पाहिजे

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक शहाळं नेतात, मोसंबी नेतात, अगदीच हात आखडता असेल तर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा नेतात. आमच्या चाळीतले नाना वायंगणकर जिंजर सोड्याची बाटली नेतात. इथपर्यंत ठीक आहे. घरचा धंदाच सोडावॉटरचा, तर दुसरं काय नेणार? पण नाना आजाऱ्याशेजारी थोडा वेळ बसतात, औषध कोणाचं चालू आहे ते विचारतात, कुठल्याही डॉक्टरचं नाव सांगितलं तरी "हं" म्हणतात, मग उठतात आणि दारात चपला घालता घालता आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "बाटली परत पाहिजे."

'काळजी घ्या' नाही, 'लवकर बरे व्हा' नाही, 'काही लागलं तर हाक मारा' नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला, घरची माणसं रडवेली, आणि या गृहस्थांचं सगळं लक्ष आपल्या बाटलीत.

आमचे बाबा पहिल्यांदा छातीच्या दुखण्यातून उठून हॉस्पिटलातून घरी आले, तेव्हा नाना असेच आले होते. जाताना दारातून म्हणाले, "उद्या बाटली परत पाहिजे. फोडू नका." आईने त्यांच्या पाठीमागे दार जरा जोरातच लावलं. "मेल्याला माणसापेक्षा काच प्यारी," ती म्हणाली. बाबा मात्र पडल्या पडल्या हसले. बरे झाल्यावर ते पहिल्यांदा जिना उतरले तेच ती बाटली धुऊन, हातात घेऊन. नानांनी बाटली उजेडात धरून पाहिली, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "साबण वापरलात. पुढच्या वेळी नुसती राख वापरा." छातीच्या दुखण्याला पुढची वेळ असते हे बाबांना असं कळलं.

नाना आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. उंची बेताची, अंगात बाह्यांचा बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि उजव्या हाताचा अंगठा चपटा होऊन मागे वळलेला. गोटीची बाटली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून आत सोडा आणि गॅस भरला की आतला गॅसच त्या गोटीला तोंडातल्या रबराच्या वाटीवर दाबून धरतो. वेगळं बूच लागत नाही. प्यायची तेव्हा अंगठ्याने गोटी आत दाबायची, फस्सकन आवाज होतो, आणि गोटी खळ्‌कन गळ्यात उतरते. नानांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही. लग्नही केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. "सीझनमध्ये वेळ नव्हता," ते म्हणाले, "आणि सीझन संपल्यावर अंगात गॅस नव्हता."

गॅस हा नानांचा जगाकडे बघायचा चष्मा आहे. माणूस चांगला की वाईट, हुशार की मठ्ठ, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. गॅस टिकतो की नाही, एवढंच ते बघतात. आमच्या वाडीत निवडणुकीला एक उमेदवार येऊन तासभर हात उडवत बोलून गेला. नानांनी निकाल दिला, "बुडबुडे फार. गॅस नाही." माझी बदली हेड ऑफिसला झाली, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वर्षभर टिकशील. मग सपाट होशील." विम्याच्या कचेरीत मी पुढे खरोखरच सपाट झाले, ते सोडा. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात नवरदेवाशी हात मिळवून आल्यावर ते माझ्या कानाशी पुटपुटले, "रबर खराब आहे, हळूहळू लीक होणार." तो माणूस कर्जात बुडून पळाला तेव्हा मी नानांना सांगायला गेले. त्यांनी "हं" म्हटलं.

या घराण्याचा इतिहास सांगायचा तर तो एका चुकीपासून सुरू होतो. नानांचे आजोबा वेंगुर्ल्याकडून आले. कॉटन ग्रीनच्या बाजूला कुणा साहेबाच्या सोडावॉटर कारखान्यात ते बाटल्या धुवत. तिथलं मोडीत निघालेलं एक मशीन त्यांनी घेतलं, हातगाडीवर घालून गिरगावात आणलं आणि आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मांडलं. साहेबाच्या कारखान्याच्या आवारात पाण्याचं कारंजं होतं. ते आजोबांच्या मनात भरलेलं. म्हणून आपल्या मालाची छाप कारंज्याची, असं त्यांनी ठरवलं. पण चित्र काढणारा गाववालाच होता, आणि त्याने जन्मात कारंजं पाहिलेलं नव्हतं. "मधून सरळ वर जातं आणि वरून चहूकडे खाली पडतं," असं आजोबांनी त्याला समजावलं. त्याने माड काढला. चांगला झावळ्यांसकटचा माड. तोच बाटलीच्या काचेवर उमटून आला. खाली अक्षरं 'कारंजा छाप' आणि वर माड. गिरगावातल्या आणि लालबागमधल्या कोकणी माणसांनी अक्षरांकडे बघितलंच नाही. ती 'माडाचा सोडा' म्हणून मागू लागली आणि धंदा चालला. वायंगणकरांनी छाप कधी बदलली नाही. नानांना विचारलं तर ते अजून शांतपणे सांगतात, "ते कारंजंच आहे. जरा लांबून बघायला पाहिजे."

नानांच्या वडिलांच्या काळात धंदा ऐन भरात होता. लग्नाची कार्यालयं, नाटकांची मध्यंतरं, खानावळी, परळ-लालबागला गिरणी सुटल्यावर फाटकाशी उभ्या राहणाऱ्या हातगाड्या, सगळीकडे माड. साधा, लिंबू, जिंजर, आणि ज्याच्या लाल रंगाने लग्नातले सदरे कायमचे खराब होत ती रासबेरी. मग गिरण्या गेल्या. कार्यालयांत मोठ्या कंपन्यांचे फ्रीज आले. आता नाना सकाळी एकटे मशीन फिरवतात, चौपाटीवरच्या एका गाडीवाल्यापुरत्या आणि आजूबाजूच्या दोन-चार जुन्या खोडांपुरत्या बाटल्या भरतात, आणि उरलेला दिवस जुन्या बाटल्या शोधण्यात घालवतात.

हा शोध म्हणजे चाळीला एक ताप आहे. काचेवर माडाखाली आणखी एक ओळ उठवलेली आहे: 'ही बाटली विकलेली नाही.' आमच्या तीन पिढ्यांनी सोडा विकला, बाटली कधीच नाही, असं नानांचं म्हणणं. तेव्हा जगात जिथे जिथे माडाची बाटली असेल, ती वायंगणकरांची. गणपतीत घरोघरी दर्शनाला जातात तेव्हा ते हात जोडून डोळे मिटतात, आणि डोळे उघडले की आधी टेबलाखाली बघतात. कुणाच्या मोरीत फिनेलची बाटली, कुणाच्या देवघरात गंगाजलाची, कुणाच्या खिडकीत मनी प्लँट. नाना मनी प्लँट अलगद बाहेर काढतात, घरातलाच एखादा स्टीलचा पेला मागून त्यात पाणी घालून लावतात, दोन पानं सारखी करतात आणि बाटली घेऊन निघतात. चोरी म्हणावी तर माणूस इतका नीटनेटका, आणि भांडावं तर म्हणतो, "वाचा ना, काचेवर लिहिलंय."

एकदा मी त्यांना फोर्टमधल्या एका नव्या कॅफेत घेऊन गेले. माझीच हौस. तिथे फळीवर शोभेच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या, टाइपरायटर, कंदील आणि मधोमध माडाची बाटली. नाना उठून उभे राहिले. मॅनेजर धावत आला. "अंकल, वो डेकोर है, सेल के लिए नहीं है."

"मालूम है," नाना म्हणाले. "वोइच लिखा है उसपे."

आम्ही कॉफी न पिता बाहेर आलो. बाटली नानांच्या पिशवीत होती. मॅनेजरने शेवटी ती का दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा त्यालाही घरी कुणीतरी असा म्हातारा असावा.

आता नानांच्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण पाटीवर 'वायंगणकर आणि बंधू' असं आहे. भाऊ म्हणजे दादा. नानांपेक्षा मोठे. दुसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते आणि कुंदावहिनी राहत. मूलबाळ नाही. वडील गेल्यावर दादांनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं काढलं. भिवंडीच्या बाजूला शेड, नवं मशीन, कर्ज. "लोकांना प्यायचं असतं आणि फेकून द्यायचं असतं, नाऱ्या," ते म्हणाले. नाना म्हणाले, "जी बाटली परत मागता येत नाही, ती कोणाच्या हातात द्यायचीच कशाला?" दादांना वाटलं, हा हट्टीपणा. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं. दादा एकटे गेले आणि काही वर्षांत सगळं घालवून परत आले. नाना त्यांना एका शब्दानेही 'सांगत होतो' म्हणाले नाहीत. दुसरंही काही म्हणाले नाहीत. दादाही बोलले नाहीत. तिथून पुढे दोघांचं बोलणं बंद झालं ते कित्येक वर्षं.

या दोघांचं आपसातलं बोलणं मालवणीत असे. चाळीत इतरांशी दोघेही साधं मराठी बोलत. त्यामुळे अबोला धरल्यावर नानांची मालवणीच बंद झाली. ते आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकदा मच्छीवाली कोळीण त्यांना हसून काहीतरी त्या वळणाचं बोलली, तर नाना तोंड उघडून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बांगडा दे." तिने दिला.

पण एकाच चाळीत राहून, एकाच नळाचं पाणी भरून, अगदी अबोला ठेवणं अवघडच. मग त्यांनी एक पद्धत काढली. नाना खाली चौकात उभे राहून कुणाकडेच न बघता मोठ्याने म्हणत, "आज पाणी लवकर जाणार आहे म्हणतात." वर गॅलरीत आरामखुर्चीत बसलेले दादा छताला सांगत, "ज्यांना भरायचं असेल त्यांनी भरून घ्यावं." किंवा दादा म्हणत, "लाइटीचं बिल आलंय." आणि नाना खालून सोड्याच्या मशीनला सांगत, "कळलं." पेपर एकच यायचा. तो आधी दादा वाचत, मग मी तो खाली नेऊन देत असे. दोघांमधलं टपालखातं मी बरीच वर्षं सांभाळलं. नानांचं जेवणाचं ताट मात्र कुंदावहिनी रोज स्वतः खाली नेत. "भांडण त्यांचं आहे," त्या म्हणत. "पोट भाऊजींचं आहे."

बाबा दुसऱ्यांदा आजारी पडले तेव्हाही नाना आले. जिंजर ठेवलं, बसले, डॉक्टरचं नाव ऐकून "हं" म्हणाले. उठले. चपला घातल्या. जरा वेळ उंबऱ्याशी उभे राहिले आणि काहीच न बोलता गेले. आई मला म्हणाली, "बघ, नाना सुधारले हो. बाटलीचं काढलं नाही या वेळी." त्याच आठवड्यात बाबा गेले. ती बाटली आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. पुढे आईही गेली, मी एकटी राहिले, आणि बाटली तिथेच. नाना रोज गॅलरीखालून जात. लोकांच्या मोऱ्यांत डोकावणारा हा माणूस आमच्या खिडकीखाली आला की मान खाली घालून चालू लागे.

शेवटी एकदा कुंदावहिनी गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं. "वहिनी, आमच्या खिडकीतली बाटली नानांना दिसत नाही का हो?"

"दिसते की," वहिनी म्हणाल्या. "पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरची बाटली मागायची नाही. यांच्या आजोबांपासून आहे ते."

मग त्यांनी सांगितलं. आजोबांच्या काळी साथ आली की वाडीत घरोघर माणसं ओकून ओकून आडवी व्हायची. पोटात काही टिकेना म्हणून डॉक्टर सोडा द्यायला सांगत. आजोबा संध्याकाळी बाटल्या देऊन येत आणि सकाळी रिकाम्या गोळा करायला निघत. ज्या घरी रात्रीत कुणी गेलं असेल त्या दारापाशी ते थांबत नसत. त्यामुळे सोडावाला दारात उभा राहून बाटली मागतोय म्हणजे आपल्या घरातलं माणूस आहे, असं लोकांच्या मनात बसलं. आजाऱ्याला त्याचा धीर येई. मग आजोबा बाटली देतानाच मागून ठेवू लागले. उद्या परत पाहिजे, म्हणून.

"उद्या आहेस असं धरूनच मागायची," वहिनी म्हणाल्या. "आता हे कुणाला माहीत नाही. आमच्या घरातच तेवढं राहिलंय."

मला रडू आलं आणि नानांचा रागही आला. बाबांचं त्यांना कळलं होतं आणि ते आम्हाला न सांगता निघून गेले होते. मी तशीच खाली उतरले. नाना रबराच्या वाट्या तपासत बसले होते. मी म्हटलं, "नाना, बाबांच्या वेळी तुम्ही बाटली मागितली नव्हती. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी आणखी एक वाटी उजेडात धरली. "मला काय कळणार, शुभा?" ते म्हणाले. "डॉक्टर का आहे मी? जीभ रेटत नाही, एवढंच."

गेल्या वर्षी दादा अंथरुणाला खिळले. आजार पोटाचा होता आणि बरा होणारा नव्हता. अन्न जाईना, पाणीही बेताचंच. एक दिवस वहिनी ताट घेऊन खाली गेल्या तेव्हा मी पेपर द्यायला तिथेच होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांना जिंजर पाहिजे म्हणतात."

नाना मशीन पुसत होते. पुसतच राहिले. "बाजारात मिळतं म्हणावं," ते म्हणाले. "प्लॅस्टिकच्या बाटलीत."

वहिनी ताट ठेवून वर गेल्या. मला इतका संताप आला की मी पेपर त्यांच्यापुढे नुसता टाकला. म्हटलं, या माणसाशी आता मीही बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनची घरघर नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. नानांना दुसऱ्या मजल्यावर मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. अंगात बनियनवर इस्त्रीचा सदरा होता, हातात बाटली. शेजारच्या दारात ते उभे राहिले. आत जायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं हे मला आमच्या दारातून स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी बाटली वहिनींच्या हातात दिली, आतल्या कॉटकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "बाटली परत पाहिजे," आणि वळले.

आतून दादांचा आवाज आला. बारीक झालेला, पण त्यात जुना खवचटपणा होता. "घेवन जा, मेल्या. माका काय ती चावक व्हयी?"

नाना जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. मग परत फिरून आत गेले.

त्यानंतर ते रोज वर येऊ लागले. सकाळी भरलेली बाटली वर, कालची रिकामी खाली. दोघे तावातावाने मालवणीत भांडत. काचेवरून, प्लॅस्टिकवरून, वडील जास्त कोणाचे लाडके होते यावरून. दादांना धाप लागली की नाना थांबत, धाप बसली की मुद्दा पुढे चालू होई. सगळा मजला ते ऐकत असे. मी स्वयंपाक करता करता भिंतीला पाठ लावून उभी राहत असे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. खूप बरं वाटे.

मग डॉक्टरांनी सांगितलं, सोडा द्या हवा तर, पण चमच्याने, आणि आधी त्यातला गॅस पूर्ण घालवून. पोट फुगता कामा नये. वहिनींनी हे नानांना कसं सांगायचं म्हणून मला पुढे केलं. मी सांगितलं. ज्या माणसाने जगातली प्रत्येक गोष्ट गॅसवर तोलली, त्याला मी सांगत होते की तुमच्या सोड्यातला गॅस काढून टाका.

नानांनी पातेली मागितली. बाटली फोडली, म्हणजे गोटी आत दाबली, जिंजर पातेलीत ओतलं आणि कॉटशेजारी बसून चमच्याने ढवळायला लागले. फेस वर येई, ते थांबत, फेस बसला की पुन्हा ढवळत. कान पातेलीशी नेऊन ऐकत. सुरसुर ऐकू यायची बंद होईपर्यंत ढवळत. मग एकेक चमचा भावाच्या तोंडात घालत. दादा जीभ फिरवून म्हणत, "सपाट." आणि नाना म्हणत, "सपाटच व्हयो डॉक्टराक." रोज हेच. माझ्याकडे बघून ते एकदा म्हणाले, "गॅस भरायला मिनिट लागत नाही. काढायला बघ किती वेळ जातो."

त्यांनी हे तोंड जराही वाकडं न करता सांगितलं, आणि मला तिथे उभं राहवेना.

शेवटच्या संध्याकाळी मी तिथेच होते. दादांचे दोनच चमचे झाले. बाकीचं ओठांवरून गळालं. नानांनी ते आपल्या सदऱ्याच्या टोकाने टिपलं. भांडण झालं नाही. पातेली त्यांनी झाकून ठेवली. मग उठले, दारात आले, चपला घालू लागले. एक चप्पल घातली. दुसरी पायाने चाचपत राहिले. कुंदावहिनी कॉटच्या कडेला बसून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मीही बघत होते. आम्हा दोघींना कोणतं वाक्य हवं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. नानांनी दुसरी चप्पल घातली आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

मागून दादा म्हणाले, "नाऱ्या."

नाना वळले नाहीत.

"बाटली मागलंस नाय."

त्यांनाही ते ठाऊक होतं. त्याच घरातले ते. मी कुंदावहिनींचा हात धरला, की त्यांनी माझा धरला, ते आठवत नाही.

"इसारलंय," नाना चौकटीला म्हणाले. आवाज अजिबात त्यांचा नव्हता. मग घसा खाकरून त्यांनी तेच वाक्य बाहेर काढलं, नेहमीसारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उद्या परत व्हयी. धुवन ठेव."

"देतंय," दादा म्हणाले.

सकाळी दादा गेले. शांतपणे गेले. दुपारी चंदनवाडीच्या स्मशानातून सगळे परतले, आंघोळी झाल्या, माणसं पांगली. नाना कारखान्याच्या उंबऱ्यावर बसले होते, ओल्या अंगावर पंचा घेऊन. मी त्यांना चहा नेऊन दिला होता, तो तसाच निवत होता. मशीन बंद होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

जिन्यावरून कुंदावहिनी उतरून आल्या. त्यांच्या हातात बाटली होती. धुतलेली. चालताना आतली गोटी वाजत होती.

"भाऊजी, ही घ्या," त्या म्हणाल्या.

नानांनी मान हलवली. "नको वहिनी. तुम्हाला माहीत आहे. अशा घरची बाटली आम्ही घेत नाही."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "पण काल तुम्ही गेल्यावर हे मला म्हणाले, बाटली आत्ताच्या आत्ता धू. मी म्हटलं, सकाळी धुते. तर ऐकेनात. राखेने धू म्हणाले, साबण लावू नकोस. मी धुऊन त्यांच्या उशाशी ठेवली तेव्हा गप्प झाले. नाऱ्याने मागितली आहे, त्याला दे, एवढंच म्हणाले. नंतर काही बोलले नाहीत."

नाना उठले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी बाटली घेतली. सवयीने ती उजेडात धरली, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. कुणाच्याही घरून आलेली बाटली पुन्हा स्वतः धुतल्याशिवाय ते ठेवत नाहीत, पण ही त्यांनी तशीच क्रेटमध्ये ठेवली, इतर बाटल्यांच्या रांगेत. मग ते चौकात गेले, मधोमध उभे राहिले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे तोंड करून, इतकी वर्षं जसे बोलत आले होते तसे, मोठ्याने म्हणाले, "गावली रे, बाटली."

मग वरून उत्तर येण्याइतका वेळ ते तिथे उभे राहिले.